गुण आला काय?

माझ्या आईच्या पिढीतील बहुतेक स्त्रियांची बाळंतपणे घरातच, सुईणीच्या हातून होत. आज ते चित्र पालटले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ साली देशातील शंभरांपैकी सुमारे ३९ बाळंतपणे रुग्णालयांत होत. २०१९-२१ मध्ये हा आकडा ८९ च्या जवळ पोहोचला. २००५ साली सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेने रोख साहाय्य देऊन असंख्य गरीब मातांना रुग्णालयाची वाट दाखवली. हे यश लहान नाही. परंतु रुग्णालयात गेलेली प्रत्येक स्त्री सुरक्षित झाली, असा अर्थ त्यातून काढता येईल काय?

हा प्रश्न माझ्या मनात घर करून बसला तो माझ्या आत्यामुळे. तिला रक्तदाबाचा विकार होता. दरमहा ती एका सरकारी दवाखान्यात जाई, रांगेत उभी राही आणि गोळ्या घेऊन येई. तिच्या कार्डावर एकही महिना कोरा नव्हता. मात्र तेथील रक्तदाब मोजण्याचे यंत्र नादुरुस्त झाले होते. कित्येक महिने तिच्या दंडाला कोणी पट्टा बांधलाच नाही. गोळी तीच आणि मात्राही तीच राहिली. एके पहाटे तिची उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. दवाखान्याच्या वहीत तेव्हाही तिची नोंद ‘उपचार चालू’ अशीच होती, आणि त्या नोंदीत खोटे असे काही नव्हते. एकट्याने शे-दीडशे माणसांना गोळ्या वाटणाऱ्या त्या परिचारिकेवर राग काढणेही मला कधी जमले नाही. वहीत रकानाच तेवढा होता.

औषध घेतलेल्या माणसाला आपण सहज विचारतो, ‘गुण आला काय?’ आरोग्यशास्त्राला हाच प्रश्न नेमकेपणाने मांडायला बराच काळ लागला. १९७८ साली तानाहाशी या अभ्यासकाने जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात त्याच्या पाच पायऱ्या सांगितल्या. सेवा उपलब्ध आहे काय, तिथवर पोहोचता येते काय, ती लोकांना रुचते काय, लोक ती प्रत्यक्ष घेतात काय, आणि शेवटी तिचा गुण येतो काय? प्रत्येक पायरीवर काही माणसे गळतात. गरज असलेल्या शंभरांपैकी ८० जण दवाखान्यात आले आणि त्यांतील निम्म्यांनाच योग्य उपचार लाभला, तर सेवेची खरी व्याप्ती ८० नव्हे, ४० ठरते. यालाच ‘परिणामकारक व्याप्ती’ म्हणतात.

ही गळती किती मोठी आहे? ‘लॅन्सेट’ने नेमलेल्या आयोगाने २०१८ साली गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांचा हिशेब मांडला. चांगल्या उपचारांनी टळू शकले असते असे ८६ लाख मृत्यू तेथे वर्षाकाठी होतात. त्यांपैकी ३६ लाख माणसे उपचारांपर्यंत पोहोचलीच नव्हती. ५० लाख मात्र पोहोचूनही दगावली.

गुणवत्ता सुधारणेही वाटते तितके सोपे नाही. उत्तर प्रदेशातील १२० आरोग्यकेंद्रांत प्रसूतीच्या वेळी करावयाच्या कामांची यादी वापरून एक मोठा प्रयोग झाला. विदर्भाशी पितृकुळाचे नाते असलेले शल्यविशारद अतुल गावंडे हे त्यातील एक प्रमुख संशोधक. यादीतील कामे पूर्वीपेक्षा अधिक नेटाने होऊ लागली. तथापि २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा माता व अर्भकांच्या मृत्यूंत फरक आढळला नाही. संशोधकांनी हे अपयश झाकून ठेवले नाही, हे मला मोलाचे वाटते.

आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी नेमके शेवटच्या पायरीवर लक्ष ठेवले. ३९ गावांत प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू नोंदला गेला. गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची शुश्रूषा शिकवण्यात आली. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. तेथे मोठी इमारत नव्हती. प्रत्येक बाळाचे पुढे काय झाले, हे विचारणारे कोणीतरी होते.

दवाखाना उघडला, यंत्र आले, शिबिराला अमुक इतके लोक जमले, अशा वार्ता आपण आनंदाने ऐकतो. तो आनंद रास्तच आहे. फक्त त्यानंतर सहा महिन्यांनी आपल्यापैकी कोणीतरी जाऊन विचारावे: किती जणांचा रक्तदाब आटोक्यात आला? यंत्र चालू आहे ना?