अण्णांचे खाते



दोन महिने इथे काही लिहिले नाही. ‘पर्वाच्या पाककृती कुठे गेल्या?’ असे काही जणींनी विचारले. आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, गेले. वय 93. दुखणे फार नव्हते. शेवटचे चार दिवस अन्न नको म्हणाले, पाणी घेत होते, णमोकार ऐकत होते.

अण्णांचा जन्म 1931 चा, शिरोळ तालुक्यातला. घरी ऊस आणि तंबाखू. पाच भावांत शेत पुरेना म्हणून 1950 साली ते फौजेत भरती झाले. जैनाचा मुलगा फौजेत, म्हणून त्यांच्या आईने महिनाभर गोड खाल्ले नाही म्हणे. ते गेले ईएमईत. ही फौजेची दुरुस्ती करणारी शाखा. ट्रकपासून रणगाड्यापर्यंत जे बंद पडेल ते ओढून आणायचे आणि चालू करायचे. सिकंदराबादला शिकले, देशभर फिरले आणि 1967 ला हवालदार म्हणून परत आले.

मधे 1965 चे युद्ध झाले. सप्टेंबरच्या 8 ते 10 तारखांना पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर गावाशी रणगाड्यांची मोठी लढाई झाली. आपल्या लोकांनी कालव्याचे पाणी शेतात सोडले होते आणि उभ्या उसात दबा धरला होता. पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चिखलात रुतले. नव्वदच्या पुढे रणगाडे त्यांनी गमावले. त्यातले रुतलेले रणगाडे साखळ्या लावून बाहेर काढायला अण्णांची तुकडी होती. ‘आमच्या शिरोळसारखाच ऊस होता गं, पानांनी हात कापायचे,’ एवढे ते हमखास सांगायचे.

त्या वर्षी आपले दशलक्षण पर्व नेमके तेव्हाच संपत होते. 9 तारखेला अनंत चतुर्दशी होती. घरी सासूबाईंचा उपवास, आणि हे रणगाड्याचे झाकण उघडून आत उतरत होते. आत काय होते हे त्यांनी मला एकदाच सांगितले, तेही अर्धे. ‘एकाने धुतलेला बनियन आत वाळत घातला होता. ओलाच होता अजून.’ पुढे ते उठून पाणी गाळायला गेले. घरचे पाणी गाळायचे काम कायम त्यांचेच. दुहेरी फडके, आणि फडक्यावर राहिलेले जीव त्याच विहिरीत हलकेच परत सोडायचे. नळ आला तरी त्यांचे फडके सुटले नाही. नातवंडे हसायची, मग तीच रांगेत उभी राहून फडके धरायची.

फौजेतून आल्यावर कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत सुपरवायझर म्हणून लागले. शेती अवजारे आणि ऑइल इंजिनामुळे कोल्हापुरात ओतकामाला तेव्हा मोठी मागणी होती, आधी उद्यमनगरात, मग शिरोली एमआयडीसीत. दहा-अकरा वर्षांत अण्णा वर्क्स मॅनेजर झाले. इंग्रजी जेमतेम, पण भट्टीचा रंग बघून लोखंड तयार आहे का ते सांगायचे. सकाळी साडेसहाला देवदर्शन करून बाहेर पडत, आणि सूर्य मावळायच्या आत जेवण व्हावे म्हणून डबा कारखान्यातच खात. फौजेत हा नियम पाळता आला नव्हता, तो त्यांनी वसूल केला असे मी म्हणायची.

मी 1983 ला लग्न होऊन आले, बी.कॉम. करून. पंधरा दिवसांत अण्णांनी घरखर्चाची वही माझ्यापुढे ठेवली. ‘शिकलीस ना? मग सांभाळ.’ मोलकरणीच्या पगारापासून तुपाच्या डब्यापर्यंत सगळे मी खातेनिहाय लिहायची. ते महिन्याला एकदा चष्मा लावून पाहायचे आणि बेरजेखाली सही करायचे. सुनेच्या वहीवर सही! माहेरी सांगितले तर कुणाला खरे वाटेना.

पुढच्या पावसाळ्यात कारखान्यात अपघात झाला. वितळलेले लोखंड ज्यात घेतात ते लॅडल आधी नीट तापवून कोरडे करावे लागते. ओल राहिली तर पाण्याची एकदम वाफ होते आणि लोखंड उडते. त्या दिवशी माल पाठवायची घाई होती. एका मोल्डरचा डोळा गेला. कारखान्याने भरपाई दिली, कागद बंद झाला. अण्णांनी मात्र पुढच्या पगारातून पन्नास रुपये काढून मला सांगितले, हे त्याच्या घरी पाठवायचे, दर महिन्याला.

मी विचारले, ‘कोणत्या खात्यात लिहू? दानधर्म?’

‘नाही. देणे.’

‘एकूण किती देणे आहे?’

‘ती जागा कोरी ठेव.’

आता तुमच्यात कुणी वाणिज्य शाखेची असेल तर सांगा, रक्कम नसलेले देणे कोणता ऑडिटर चालवून घेईल? मी तरी चाळीस वर्षे चालवले. पन्नासाचे शंभर झाले, पाचशे झाले. 1991 ला ते निवृत्त झाले, मग पेन्शनमधून. तो मोल्डर वारला, त्याच्या बायकोच्या नावे पाठवू लागलो.

निवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी गावात मुनिमहाराजांचा चातुर्मास होता. अण्णांना बारा व्रते घ्यायची होती. समाजातले एक वडीलधारे सभेतच म्हणाले, ‘फौजेत गेलेल्याने अहिंसाणुव्रत कसे घ्यायचे?’ सासूबाईंचा चेहरा उतरला. महाराजांनी शांतपणे हिंसेचे चार प्रकार सांगितले, आपण पाठशाळेत शिकतो तेच: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. जाणूनबुजून मारणे गृहस्थाने पूर्ण सोडायचे. स्वयंपाकपाणी, उदरनिर्वाह आणि रक्षण यांत घडते ती पूर्ण टळत नाही, ती होईल तितकी कमी करायची. श्रवणबेळगोळला गोमटेश्वर उभा करणारा चामुंडराय गंगांचा सेनापतीच होता, हेही त्यांनी सांगितले. सभा खूश झाली. शेजारणीने मला कोपराने ढोसले.

अण्णा बसलेच होते. हात जोडून म्हणाले, ‘महाराज, युद्धाचे समजले. भट्टीवरच्या माणसाचे काय? तो माझा शत्रू नव्हता.’

‘ती उद्योगी हिंसा. सावधपणा ठेवला असेल तर दोष कमी.’

‘त्या दिवशी नव्हता ठेवला.’

महाराज बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी अण्णांना व्रते दिली. माझ्या मते चामुंडरायापेक्षा ते गप्प बसणेच अण्णांना जास्त उपयोगी पडले. त्या रात्री ते शांत झोपले, असे सासूबाईंनी सांगितले.

घरी ते कडक नव्हते. सासूबाईंना दरवर्षी कुंभोजच्या बाहुबलीला न्यायचे, त्या 28 फुटी मूर्तीपुढे बसवायचे आणि स्वतः मंडपाचे पत्रे, बिजागऱ्या तपासत हिंडायचे. सासूबाई गेल्यावर नऊ वर्षे त्यांच्या वाटणीचा चहा मी चुकून करायची, तो ते मुकाट पिऊन टाकायचे. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला बँकेत जावे लागे. ओतकामाने झिजलेली बोटे यंत्राला उमटत नसत. काउंटरवरचा मुलगा चार-चारदा अंगठा दाबायला लावायचा. अण्णा त्याला म्हणायचे, ‘बाळा, मी जिवंत आहे यावर तुझा विश्वास नाही, पण मशीनवर आहे?’ सगळी रांग हसायची.

गेल्या आठवड्यात मुलगा मोबाइलवरून त्या बाईंना पैसे पाठवत होता. शेरा काय लिहू म्हणाला. मी म्हटले, ‘देणे’ लिही. संध्याकाळी बाईंचा फोन आला. म्हणाल्या, ‘वहिनी, मालक गेले, आता कशाला पाठवता? आता बंद करा.’ मी म्हटले, येऊ द्या. त्या बराच वेळ नको नको म्हणत राहिल्या. मग त्यांच्या गुडघ्यांचे विचारले, त्यांनी माझ्या साखरेचे विचारले, आणि फोन ठेवला. पैसे त्यांनी परत पाठवलेले नाहीत.