थांबलेल्या गाडीच्या आडून



आमच्या मंदिराच्या वाटेवर एक भलामोठा रुंद रस्ता आहे. गेल्या वर्षी तिथे एक गाडी माझ्यासाठी थांबली म्हणून मी पुढे झाले, तर तिच्या आडून दुसरी भरधाव आली. तांदळाची डबी रस्त्यावर सांडली, मी वाचले. ईर्यासमिती पाळून, नीट बघून चालत होते, मग चुकलं कुठे?

उत्तर यंदा लेकीकडे, सिएटलला मिळालं. तिथे जुन्या रेल्वेमार्गावर बर्क-गिलमन नावाची चालण्या-सायकलींची वाट आहे, १९७८ पासूनची. ती स्टोन वे नावाच्या रस्त्याला मिळते, तिथे नातवाची बाबागाडी ढकलताना माझे पाय अडखळले. लेक म्हणाली, "आई, हा पूर्वी चार पदरी होता. २००७ मध्ये दोन्ही दिशांना एकेकच पदर ठेवला आणि मधला वळणाऱ्या गाड्यांना दिला. सायकलींनाही जागा झाली."

मग उलगडलं. एका दिशेला एकच पदर असला, की थांबलेल्या गाडीच्या शेजारून दुसरी येणार कुठून? चाराचे तीन पदर केल्याने अपघात १९ ते ४७ टक्क्यांनी घटतात, असं तिथलं सरकारी महामार्ग खातं सांगतं. खर्च मुख्यतः पट्टे आखण्याचा! मी कॉमर्सची, असा हिशेब मला लगेच पटतो.

आपण जपून चालायचंच, पण रस्त्यानेही आपल्याला जपावं. नगरपालिकेसाठी अर्ज लिहून ठेवलाय. रविवारी सहीला याल ना?