पहिला घाव

बालनाट्यात राक्षस मारणं सोपं, झाड तोडणं अवघड. राक्षस पडला की पोरं टाळ्या वाजवतात. झाडावर कोयता उगारला की पहिली रांग गप्प होते आणि मग त्यातलं एखादं पोर आईला मोठ्यांदा विचारतं, "हे चांगले आहेत ना? मग झाड कशाला तोडतात?" चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावर मुलांचं नाटक करायला घेतलं तेव्हापासून मी या प्रश्नापाशी अडून बसलोय. बाकी नाटक कधीच बसलं. हा एक घाव बसत नाही.

उरणच्या माणसाला हकिगत नव्याने सांगायला नको. 25 सप्टेंबर 1930 रोजी आसपासच्या गावांतली माणसं कोयते घेऊन अक्कादेवीच्या जंगलात शिरली, ती झाडं तोडायलाच. इंग्रजांच्या जंगल कायद्याने सरपण, चराई, भातासाठी भाजायचा राब, सगळ्यावर बंधनं आणली होती. मिठाचा कायदा मीठ उचलून मोडायचा, तसा जंगलाचा कायदा फांदी तोडून मोडायचा. पोलिसांनी गोळीबार केला. नाग्या महादू कातकरी धरून आठ जण गेले. आणि त्याच जागी सरकारचे मामलेदार जोशीही गेले. दर 25 सप्टेंबरला चिरनेरच्या स्मारकापाशी मानवंदना होते, भाषणं होतात. भाषणांत हे सगळं चालून जातं. भाषणात झाड दिसत नाही.

माझी पंचाईत अशी, की शाळेच्या भिंतीवर 'झाडे लावा, झाडे जगवा' हे मीच गेरूने लिहिलेलं. ते वाचत वाचत वाढलेल्या पोराच्या हातात मी कोयता देतो आणि सांगतो, तोड, तू जंगल वाचवतोयस.

आधी घाव विंगेत ढकलला. बांबूच्या कामट्या जमिनीवर आपटून आवाज काढला. ऐकणाऱ्याला वाटावं, मागे कुणीतरी चुलीसाठी लाकडं फोडतंय. त्यात भीती नाही की हिंमत नाही. मग पांढरा पडदा लावून सावल्या केल्या. दिसायला सुरेख, पण झाडाच्या सावलीला दोन हात आणि मान असते. कोयता उतरला तो थेट मुंडकं उडवल्यागत, आणि बालवाडीच्या रांगेत रडारड. मग खरी फांदी आणली, भेंडीची. म्हणजे प्रत्येक प्रयोगाला एक खरी फांदी तोडायची, आणि हॅलोजनखाली तिची पानं दुसऱ्या प्रवेशालाच माना टाकणार. मग वेल्क्रोची फांदी शिवून घेतली. कोयता लागला की निघायची, पण निघताना असा खर्रर्र आवाज करायची की नाग्याच्या मरणाच्या आधीच सभागृह हसून मोकळं.

शेवटी झाड म्हणून पोरालाच उभं केलं आणि कोयता खोटा, पुठ्ठ्याचा. तरी मारणाऱ्याचा हात वीतभर अलीकडे थांबायचा. "सर, झाराला लागंल ना!" असं एकजण तालमीत म्हणाला आणि कोयता खाली ठेवून बसला. त्या थांबलेल्या हातात सगळं नाटक होतं हे मला कळत होतं. पण थांबलेल्या हाताने कायदा मोडत नाही.

इथे थोडं माझ्या झाडांबद्दल. ज्याला संवाद पाठ होत नाहीत त्याला झाड करायचं, ही बालनाट्यातली जुनी चाल. ते पोर दोन्ही हात वर करून पंधरा मिनिटं वाऱ्यावर डोलतं आणि खांदे भरून आले की एकेक हात गुपचूप खाली येतो. माझ्याकडे झाड होणं हा मान असतो. माझी झाडं डोलत नाहीत. टाचेवरचं वजन हळूहळू चवड्यावर नेतात, आणि रंगमंचावर जो बोलत असेल त्याच्याकडे सगळं जंगल बोटभर झुकतं. ते झुकणं प्रेक्षकाला डोळ्यांनी दिसत नाही, पण जंगल ऐकतंय एवढं त्याला कळतं. जादू म्हणाल तर तेवढीच. जंगलाच्या एन्ट्रीला मी आगऱ्यांच्या लग्नातल्या धवल्याची चाल वापरतो, शब्दांशिवाय, नुसती गुणगुण. स्पर्धेच्या वर्तुळात त्याला 'सरांचं जंगल' म्हणतात. कुणी तसं म्हटलं की मी ऐकू न आल्यासारखं करतो, म्हणजे ते पुन्हा म्हणतात.

आता सगळं बदललंय. पनवेलच्या एका गृहस्थाने मागच्या स्पर्धेत एलईडीच्या पडद्यावर जंगल आणलं. त्यात धबधबा होता, धुकं होतं, पापण्या मिटणारं हरीण होतं. परीक्षक हरणाकडे बघत होते आणि पुढे उभी असलेली आठ पोरं अंधारात संवाद म्हणत होती. रत्नाकर मतकरींनी बालनाट्य उभं केलं, सुधा करमरकरांनी केलं, ते पैसा ओतून नाही, पोरांच्या कल्पनेवर विसंबून. 'अलबत्या गलबत्या'तली दिलीप प्रभावळकरांची चेटकीण बघायला कुणाला धबधबा लागला नाही. पण हे मी चिडून लिहितोय, आणि चिडण्याचं एक कारण असंही आहे की बक्षीस त्या हरणाला मिळालं. आमच्याकडेही एका प्रायोजकाने खर्च द्यायची तयारी दाखवली होती. अट एवढीच, की झाडांच्या छातीवर कंपनीचं बोधचिन्ह हवं. ऐनाच्या झाडावर कंटेनरचं चित्र! पोरांना ती कल्पना फार आवडली. त्यातल्या निम्म्यांचे बाप कंटेनर यार्डातच कामाला आहेत.

माझे गुडघे गेले तेव्हा 'सरांचं जंगल'ही गेलं. तोपर्यंत प्रत्येक झाड मी स्वतः करून दाखवत असे. साग ताठ, पळस वाकडा, शिवण जरा बाजूला कललेली. पोरं माझी नक्कल करायची आणि मला ती झाडंच वाटायची. आता खुर्चीत बसून तोंडाने सांगावं लागतं, आणि तोंडाने सांगितलेलं झाड पोर आपल्या मनाने ऐकतं.

एका कातकरी वाडीवरची मुलगी ऐनाच्या कामाला होती. मी सांगितलेलं : कोयता आला की अंग सोड. तिने अंग सोडलं नाही. कोयतेवाल्याकडे एकदा नीट पाहिलं आणि उजवा हात, म्हणजे एक फांदी, वरून आणून त्याच्या हातापाशी धरली. त्याने पुठ्ठ्याचा कोयता नुसता टेकवला. तिने मुठीतली पानं त्याच्या टोपलीत सोडली आणि हात पाठीमागे नेला. मी खुर्चीतून ओरडलो, हे काय? ती म्हणाली, "आमच्यात आख्खा ऐन नाय कापत सर. फांद्या उतरवतात. पुढल्या साली फुटतो परत."

राबाबद्दल मी पाचवीच्या वर्गाला इतकी वर्षं शिकवतोय. ऐनाच्या फांद्या उतरवायच्या, वाफ्यावर पसरायच्या, भाजायच्या, त्या राखेत भाताचं बी टाकायचं. झाड तसंच उभं. पहिल्या रांगेतल्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या फळ्यावर पडून होतं आणि मी वेल्क्रो शिवत बसलो होतो.

त्या वर्षी स्पर्धेत परीक्षकांनी 'फांदी वाकण्याच्या दिग्दर्शकीय कल्पने'चा खास उल्लेख केला. मी हात जोडून मान खाली घातली. मान खाली घालायला मला उत्तम येतं.

पण घोळ मिटलेला नाही. झाडाने आपण होऊन फांदी दिली तर कायदा मोडला कुणी? पोरं आणि जंगल एकमेकांचे सोबती झाले, छान झालं, पण सत्याग्रह नुसत्या गोडीने होत नाही. म्हणून फांदी टोपलीत पडताना रखवालदाराची शिट्टी ठेवली. अडचण आता त्या दोहोंच्या मधल्या क्षणात येऊन बसलीय. शिट्टी लवकर वाजली तर फांदी दिलेली दिसत नाही. उशिरा वाजली तर लोक टाळ्या वाजवतात, आणि टाळ्या पडल्या की पुढचा गोळीबार खोटा होतो. धवल्याची गुणगुण श्वास घ्यायला थांबते तिथे शिट्टी टाकून पाहिली. कधी जमते, कधी नाही. शिट्टीवाला पोरगा दरवर्षी सातवी पास होऊन निघून जातो, नव्याला तो श्वास पुन्हा ऐकायला शिकवावा लागतो.

दुसरा घोळ मामलेदारांचा. बालनाट्यात दुष्टाचा सुष्ट व्हायला एक गाणं पुरतं. जोशी काही गाणं म्हणून इकडे आलेले नाहीत. सरकारचे म्हणून आले, सरकारचेच राहिले आणि गोळीबारात गेले. गोळी घालायला त्यांचा विरोध होता, असं चिरनेरात सांगतात. हे काम कुणी पोर घ्यायला तयार नसतं. "सर, तो कुनाच्या साईडला?" मी सांगतो, उभा त्यांच्या, मेला तुमच्या. मी त्याला शिट्टीनंतर एकही वाक्य दिलेलं नाही. तो प्रेक्षकांकडे पाठ करून पोलीस आणि झाडं यांच्या मध्ये उभा राहतो, आणि जंगल पहिल्यांदाच न बोलणाऱ्या माणसाकडे बोटभर झुकतं. माझ्या सगळ्या कामात मला स्वतःला पटलेली ही एवढीच जागा.

लोक म्हणतात, तिवरांवर नाटक करा, ते आजचं जंगल. खरंच आहे. 2015 साली हरित लवादाने बंदराच्या कामात तिवरं आणि मासेमारी गेली म्हणून उरणच्या 1630 मच्छीमार कुटुंबांना 95 कोटींहून जास्त भरपाई द्यायचा आदेश केला, ती गोष्ट कुठल्याही नाटकाला पुरेल. निवट्या आणि चिंबोऱ्यांची कामं करायला पोरं एका पायावर तयार आहेत. पण त्या गोष्टीतला मामलेदार मला अजून सापडलेला नाही. तो नसताना नाटक केलं तर ती मिरवणूक होईल.

सध्या एवढंच हवंय. चिरनेर, दिघोडे, कोप्रोली, खोपटे, जुई इथल्या ज्या घरांत राबाची फांदी उतरवलेली हाताने आठवणारं कुणी असेल, त्यांनी पावसाआधी एखाद्या संध्याकाळी तालमीला यावं. झाडावर चढून उतरवायची की खालून आकडीने ओढायची, कोयत्याचा घाव वरून की खालून, हे पोरांना दाखवावं. मी सांगू शकतो, पण मला आता चढता येत नाही. चहा शाळेकडून.