पावसाळ्यातली वाई

पुणे–सातारा महामार्गावर सुरूरच्या फाट्याला उजवीकडे वळले की वाईचा रस्ता लागतो. आषाढ-श्रावणात दोन्ही बाजूंना उसाची आणि हळदीची शेते हिरवीगार झालेली असतात. उत्तरेचा पांडवगड ढगांत जातो. पश्चिमेला पसरणीचा घाट चढून पाचगणी, महाबळेश्वर गाठायला निघालेली बहुतेक वाहने वाईत थांबतही नाहीत. पावसाच्या दिवशी तर नक्कीच नाहीत. खरे म्हणजे वाई पाहावी ती याच दिवसांत. हे गाव कृष्णा नदीच्या पुराचा विचार करून बांधले गेले आहे, आणि उन्हाळ्यातल्या उथळ पात्राकडे पाहून ते लक्षात येत नाही.

गावात पडणाऱ्या पावसावर कृष्णेचे पाणी ठरत नाही. नदी जिथून येते त्या महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या वाईच्या वाट्याला त्याचा लहानसा हिस्सा येतो. त्यामुळे वाईत नुसती भुरभुर असली तरी नदी दुथडी भरून वाहू शकते. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड अशा आळ्यांचे घाट नदीकाठी एकापुढे एक आहेत. पाणी चढू लागले की त्यांच्या पायऱ्या खालून एकेक करून बुडत जातात.

गणपती आळीच्या घाटावर ढोल्या गणपतीचे देऊळ आहे. ते १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधले. मूर्ती एकाच दगडातली, भव्य. ढोल्या हे नाव तिच्या आकारावरूनच पडले. बहुतेक लोक दर्शन घेऊन समोरूनच परततात, पण देवळाच्या मागे जायलाच हवे. गाभाऱ्याची मागची भिंत सपाट नाही. ती माशासारखी निमुळती होत गेलेली आहे. पुराचा लोट या टोकावर आदळून दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. भिंतीवर पाण्याचा सगळा भार एकदम येत नाही. पावसात काळ्या दगडाचे सांधे ओले होऊन ठळक दिसतात आणि चिरे किती नेमके बसवले आहेत ते कळते. पेशवाईतल्या पाथरवटांचे नदीविषयीचे ज्ञान या एका भिंतीत दिसते, आणि तेवढ्यासाठीही वाईला यावे.

शेजारचे काशीविश्वेश्वराचे देऊळ १७५७ मधले, आनंदराव भिकाजी रास्ते यांनी बांधलेले. त्याचा काळ्या दगडाचा नंदी पावसाळी, मंद उजेडातही तुकतुकीत दिसतो. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच रास्ते घराण्यातल्या. पेशव्यांशी जुळलेल्या या सोयरिकीमुळे घराण्याचे वजन वाढले आणि अठराव्या शतकात वाईचा नदीकाठ देवळांनी भरला. गाव अर्थात त्याहून जुने. १६५९ मध्ये प्रतापगडाकडे जाण्यापूर्वी अफझलखानाचा तळ वाईतच होता.

पावसाची सर वाढली की घाट सोडून गावात वळावे. वाईचा दुसरा वारसा विद्येचा आहे. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी येथे प्राज्ञ पाठशाळा उभी केली. विनोबा भावे तरुणपणी वेदान्ताच्या अभ्यासासाठी त्यांच्याकडे आले होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी याच पाठशाळेत घडले. मराठी विश्वकोशाचे ते प्रमुख संपादक झाले आणि कोशाचे कामही वाईतूनच चालले. राज्याच्या राजधानीपासून दूर, एका तालुक्याच्या गावी मराठीचा विश्वकोश तयार व्हावा, ही वाईने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

वाईपासून सुमारे तीन किलोमीटरवर, नदीच्या वरच्या अंगाला मेणवली आहे. नाना फडणवीसांचा वाडा येथे आहे. एकामागून एक चौक ओलांडत माणूस मागच्या दाराने थेट घाटावर उतरतो. पावसात चौकांत चहूबाजूंच्या पागोळ्या पडत असतात आणि ओसरीवरून कोरड्या पायांनी वाडा पाहता येतो. भिंतींवरची जुनी चित्रे मात्र ओलाव्याने धोक्यात आहेत. त्यांची निगा अधिक काळजीने राखली जायला हवी. घाटावर मेणेश्वराच्या देवळापाशी मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्या विजयाची ही खूण. मराठी मुलखातल्या अनेक देवळांत वसईच्या मोहिमेतून आलेल्या अशा घंटा आहेत, पण इतकी जवळून, हात लावून पाहता येणारी क्वचितच.

मेणवलीच्याही वर धोम धरण आहे. ते झाल्यापासून वाईच्या पुराचा बराचसा जोर धरणाच्या दरवाजांवर अवलंबून असतो. विसर्ग सुरू असल्याची सूचना असेल, तर दोन्ही गावांच्या घाटांवर खालच्या पायऱ्यांपर्यंत उतरू नये. शेवाळाने त्या निसरड्या झालेल्या असतात आणि पाणी पाहता पाहता वाढते. नदी वरच्या पायरीवरून पाहावी.