साळिंदर

माणसाला कसला ना कसला छंद असावा, असे म्हणतात. मलाही तसे वाटे. पण छंदाला दात कधी फुटतात हे ज्याचे त्याला कळत नाही, हे मला चाळिशी उलटल्यावर उमगले.

घर बांधून झाले तेव्हा परसात दगडांचा एक ढीग उरला. तो हलवायला ट्रॅक्टरवाला जे पैसे मागत होता ते ऐकून मी ठरवले, की या ढिगाचीच बाग करायची. सौ. म्हणाली, "आता दगडांना पाणी घालणार वाटतं?" मी तिला खडकबागेचा महिमा ऐकवला. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात या बागांचे मोठे वेड होते. रेजिनल्ड फॅरर नावाच्या गृहस्थाने १९०७ साली आपल्या खडकबागेवर पुस्तकच लिहिले. पुढे नवनव्या डोंगरी वनस्पती शोधत तो चीनमध्ये आणि ब्रह्मदेशात हिंडला. १९२० साली ब्रह्मदेशाच्या डोंगरातच त्याला मरण आले. तेव्हा तो अवघा चाळीस वर्षांचा होता. सगळे ऐकून घेऊन सौ. एवढेच म्हणाली, "तुमची चाळिशी उलटली आहे. फार लांब जाऊ नका म्हणजे झालं."

मी लांब गेलो नाही. निवडुंगांपासून सुरुवात केली. मग दक्षिण आफ्रिकेतली लिथॉप्स नावाची चमत्कारिक झाडे आणली. दोन जाड पाने एकमेकांना चिकटलेली, आणि दिसायला हुबेहूब गोटा. सुट्टीला आलेल्या भाच्याने त्यांतला एक गोटा समजून उचलला आणि कावळ्याला मारला. कावळा वाचला, झाड वाचले नाही.

इथवर सारे ठीक होते. पण आमच्या शेजारी एक काका राहतात, त्यांनाही हाच नाद. त्यांच्याकडे ब्रह्मकमळ आहे. वर्षातून एका रात्री ते फुलले, की काका सगळ्या आळीला कॉफीला बोलावतात. खरे ब्रह्मकमळ हिमालयात उगवते आणि आपल्या कुंड्यांतले हे मूळचे मेक्सिकोकडचे निवडुंग आहे, हे मला ठाऊक होते. पण कॉफी पिताना ते सांगण्याचे धैर्य मला झाले नाही, आणि न सांगता राहवेनाही. घरी येऊन मी मनाशी म्हटले, आपल्याकडे असे काही असावे की जे काकांकडे असणारच नाही! छंदाला दात फुटले ते त्या रात्री.

त्या सुमारास माझ्या वर्गात डोंगरावरच्या वाडीतला एक मुलगा होता. एकदा चित्रकलेच्या तासाला मी आकाशकंदील काढायला सांगितला. सगळ्यांनी चांदण्या काढल्या. याने एक लांब नळी काढली, खाली फुगीर, आणि नळीच्या तोंडावर पाच बारीक काड्या टोकांशी एकत्र बांधलेल्या. मी विचारले, "हा कसला रे कंदील?" तो म्हणाला, "सर, हे फूल आहे. आमच्या सड्यावर येतं."

माझ्या काळजाचा ठोका चुकला. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध मॅट्रिकच्या पुस्तकाबरोबर संपला असला, तरी खडकबागेच्या नादाने बरेच वाचले होते. ते सेरोपेजिया होते. आपल्याकडे त्याला कंदीलपुष्प म्हणतात. लिनियसने १७५३ साली हे नाव दिले, त्याचा अर्थ मेणाचे कारंजे. या गोताच्या कितीतरी जाती भारताबाहेर कोठेही नाहीत, आणि काही तर आपल्या सह्याद्रीच्या मोजक्या माथ्यांवरच तग धरून आहेत.

साताऱ्याजवळचे कासचे पठार आता जगाला ठाऊक आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील एकोणचाळीस स्थळे जागतिक वारशात घेतली, त्यांत ते आहे. पण असे सडे आमच्या डोंगरांत आणखीही आहेत. मी गेलो तो त्यांतलाच एक. त्याचे नाव मी मुद्दाम सांगत नाही; का, ते पुढे कळेल.

भाद्रपदातला दिवस होता. धुके वर चढत होते. पायाखाली जांभ्या दगडाचे फरस, आणि त्याच्या खळग्यांत बोटभर माती. तेवढ्या मातीत काय म्हणून नव्हते! तेरडा होता, गेंदाची पांढरी बोंडे होती. ओल्या जागी सीतेची आसवे नावाची निळी फुले होती. दिसायला इतकी हळवी, पण त्यांच्या मुळाशी बारीक फुगे असतात आणि त्यांत ती पाण्यातले जीव पकडतात. मातीत कस नाही, म्हणून ही सोय. दगडांचा ढीग रचून मी परसात जे करू पाहत होतो, ते इथे कोणी न रचता झाले होते.

मुलाची आजी बरोबर होती. तिने करवंदीची जाळी हाताने बाजूला केली आणि म्हणाली, "ही बगा खरपुडी, गुर्जी."

नाजूक वेल, आणि त्यावर जेमतेम दीड इंचाचे फूल. फिकट हिरवट नळी, वर जांभळी झाक. या नळीच्या आत खाली वळलेले केस असतात. चिलटासारखी माशी वासाने आत उतरते. उतरता येते, पण परतता येत नाही. पुढे ते केस सुकतात, फूल कलते, आणि माशी परागांची पोटली घेऊन सुखरूप बाहेर पडते. कैद आहे, पण जन्मठेप नाही.

आजी सांगत होती, "ल्हानपणी कंद लई खाल्लं आमी. पर समदं न्हाई उकरायचं. एक खाल्ला की दोन ठेवायचं. आता ह्यो एकच दिसतोय."

मी मान डोलावली. तिच्या घरी भाकरी खाल्ली, ताक प्यालो. आणि संध्याकाळी, "जरा एकटा फिरून येतो," असे सांगून पुन्हा त्या जाळीपाशी गेलो. पिशवीत खुरपे होते. ते घरून निघतानाच घेतले होते, हे लिहिताना आजही लाज वाटते.

कंद घरी आणला. त्याच्यासाठी बागेतली उत्तम जागा काढली. चाळलेले शेणखत घातले, सकाळ-संध्याकाळ पाणी दिले. वेलाला आणखी दोन फुले आली. मी काकांना चहाला बोलावले. ते बराच वेळ पाहत राहिले, मग हळूच म्हणाले, "कुठून आणलंत?" मी म्हणालो, "मिळालं एकीकडे."

दिवाळीनंतर वेल सुकला. तो सुकायचाच, उन्हाळाभर हा कंद कोरड्या मातीत झोपतो आणि पावसाबरोबर जागा होतो. पण मला धीर कुठला! मी पाणी घालीतच राहिलो. जून आला, जुलै आला, कोंब दिसेना. शेवटी माती उकरली. हाताला काळा, मऊ लगदा लागला. ज्याला बोटभर गरीब माती पुरत होती, त्याला मी लाडाने मारले होते.

त्याच सप्टेंबरात तो मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, यंदा खरपुडी आलीच नाही. आजी म्हणते, साळिंदरानं कंद खाल्ला."

मी म्हणालो, "असेल."

एवढा एकच शब्द. पण वर्गात "खरे बोलावे" असा सुविचार फळ्यावर लिहिताना माझा हात अडखळू लागला. त्या बागेत जाववेना. सौ.ने काही विचारले नाही. आणि ती विचारीत नाही तेव्हा तिला सारे कळलेले असते.

दिवाळीच्या सुट्टीत फराळाचा डबा घेऊन मी वाडीवर गेलो. मुलगा गुरे घेऊन गेला होता. आजी ओट्यावर बसली होती. मी डबा ठेवला आणि एका दमात सगळे सांगून टाकले. तिने एक चकली मोडली, तोंडात टाकली, सावकाश चावली.

"मला ठावं हुतं, गुर्जी," ती म्हणाली. "दुसऱ्या दिशी बगितलं म्या. साळिंदर खुरप्यानं उकरत न्हाई. अन् वरनं माती दाबून बी ठेवत न्हाई."

"मग त्याला साळिंदर का सांगितलंत?"

"पोराला तुमी लई मोठं वाटता. म्या कशापायी मोडू?"

माझ्या पदरी इतकी वर्षे मास्तरकीची होती. पण मान कसा राखावा, हे त्या ओट्यावर मला एका निरक्षर बाईने शिकवले. आणि राखलेला तो मान आपल्या अंगावर किती जड होतो, तेही.

मी संध्याकाळपर्यंत थांबलो. मुलगा आला. आजीने डोळ्यांनी "नको" म्हटले, पण मी सांगितले. तो खाली मान घालून ऐकत राहिला. अंगठ्याने जमीन कोरीत राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "म्हणजे साळिंदर तुम्हीच?"

"हो. मीच."

त्याने वर पाहिले. ओठ थरथरत होते; रडू की हसू, मला कळेना. मग म्हणाला, "सर, आणखी एक वेल आहे. मी शोधलाय. त्याला यंदा शेंगा धरल्यात, बोकडाच्या शिंगांसारख्या, दोन-दोन. पण कुठं ते तुम्हांला सांगणार नाही."

"सांगूच नकोस," मी म्हणालो. त्या वर्षी मला मिळालेली ती सर्वांत न्याय्य शिक्षा होती.

कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या उद्यानात डॉ. श्रीरंग यादव यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कुळातल्या दुर्मीळ वनस्पती जोपासल्या आहेत, वाढवल्या आहेत. जपण्याची ती रीत वेगळी. तिथे झाडाची गरज आधी विचारात घेतात, आपली हौस मागाहून. माझ्या परसात आता निवडुंग आहेत, उरलेली लिथॉप्स आहेत. काकांनी ब्रह्मकमळाचे एक पान लावायला दिले, तेही रुजले आहे. मधल्या खळग्यात मात्र मी काही लावलेले नाही. तो रिकामा असतो.

यंदाही दारावर मी घरीच केलेला आकाशकंदील लावला आहे. खाली फुगीर नळी, वर पाच काड्या टोकांशी बांधलेल्या. येणारेजाणारे विचारतात, हा कसला आकार? मी सांगतो, एका फुलाचा. कुठे मिळते ते विचारले, तर सांगत नाही. कारण खरेच, मला ठाऊक नाही.