संपायच्या आत

गोव्यात पाहुणा आला की आधी समुद्र मागतो. मागू दे. कळंगुट, बागा, पाळोळे त्याला नकाशात सापडतात, तिथं जायला माझी सोबत लागत नाही. माझ्याकडे उतरणाऱ्या मित्रमैत्रिणींकडून मी एकच दिवस मागून घेते, तोही शक्यतो कामाचा वार. पणजी पाहायची ती कामाला निघालेली असताना. आणि तो दिवस सकाळी साडेसातला सुरू होईल, हे आदल्या रात्री जेवतानाच सांगून ठेवते. पुण्यामुंबईहून रजा काढून आलेली माणसं यावर हटकून कुरकुरतात. दहाला गेलो तर काय बिघडणार आहे, असं विचारतात. बिघडतं. दहापर्यंत बन संपलेले असतात आणि भाजी पातेल्याच्या तळाला गेलेली असते.

मला पणजीतल्या ज्या जागा दाखवाव्याशा वाटतात, त्या सगळ्या संपणाऱ्या जागा आहेत. कुठे सकाळची भाजी संपते, कुठे दुपारचं मासळीचं ताट, कुठे अख्खा मोसम. बारा महिने तेरा काळ सगळं मिळणारी हॉटेलं गोव्यात आता उदंड झाली आहेत. गिऱ्हाईक येईल तेव्हा तिथलं स्वयंपाकघर हात जोडून उभं असतं. मला आवडणाऱ्या जागी वेळ ठरते ती चुलीची, आणि आपण त्या वेळेला जायचं असतं. पाहुण्याला गावाच्या पंक्तीत, गावाच्या वेळेला बसवलं की त्याचं आगतस्वागत झालं असं मी मानते.

सकाळी आम्ही सिने नॅशनलजवळच्या कॅफे भोसलेत जातो, नाहीतर कॅफे तातोत. दोन्ही पणजीकरांची जुनी, अंगवळणी पडलेली ठिकाणं. टेबल आपलं असं नसतं. खुर्ची मोकळी दिसली की बसायचं, समोरच्यानं वर्तमानपत्राची घडी बारीक करून जागा करून द्यायची. समोरचा बहुधा कुठल्या तरी कचेरीतला, बँकेतला, नाहीतर मुलाला शाळेत सोडून आलेला बाप. वेटर येतो आणि काय काय आहे ते एका दमात सांगतो. नवखा माणूस गोंधळतो, म्हणून मी आधीच 'मिक्स' सांगून मोकळी होते.

मिक्स म्हणजे सुक्या बटाटाभाजीवर ओतलेली पातळ भाजी. ताटली लहान, भाजी काठोकाठ. वाटाण्यांचा किंवा चण्यांचा नारळ घातलेला रस्सा, हळदीच्या रंगाचा, त्यात कढीपत्त्याचं एखादं पान आणि मोहरीचे दाणे. तवंग जवळजवळ नाही. मिसळीवर वाढलेल्या माणसाला ही भाजी पहिल्या घासाला मवाळ वाटते, आणि तो कटाची वाटी शोधायला लागतो. त्यानं थोडं थांबावं. पाववाल्या पोदेराच्या भट्टीतला उंडा मोडावा. त्याची पाठ कडक असते, आत जाळी. तो बुडवला की पाठ तशीच राहते आणि आतला मऊ भाग रस पिऊन घेतो, म्हणून एकाच घासात कुरकुरीत आणि ओलं दोन्ही दाताखाली येतं. पूर्वी या पावाचं पीठ माडाच्या सुरेनं फुगवत, आता बहुतेक ठिकाणी यीस्ट आलं. तरी भट्टी लाकडाची असली तर पाठीचा करपट वास अजून येतो. शेवटी केळं घालून केलेला गोडसर बन तिखट भाजीबरोबर खायचा. हे जमतं की नाही यावर माझ्या घरी वाद झालेले आहेत. मला विचाराल तर त्याच्याशिवाय नाश्ता पुरा होत नाही.

तिथून बाजार, मग मळा भागातून फोंतेन्यसच्या गल्ल्या. निळ्या-पिवळ्या भिंतींपुढे फोटो काढायला सगळ्यांनाच आवडतं, काढू द्यावेत. मात्र तिथं माणसं राहतात, त्यांच्या ओट्यावर चढून, खिडकीला टेकून फोटो काढणं मला सहन होत नाही आणि मी तसं बोलून दाखवते.

दुपारी एकच्या आत ताटावर बसायचं. अठरा जून रस्त्यावरच्या रिट्झ क्लासिकला बाहेर जिन्यापर्यंत रांग असते आणि रांगेत उभं राहण्याचं चीज होतं. सांतोमेच्या बाजूचं आनंदाश्रम त्याहून साधं, आणि मला जवळचं. ताटात उकड्या तांदळाचा भात, हुमण, तिसऱ्यांचं सुकं, सुक्या सुंगटांची म्हणजे झिंग्यांची किस्मूर, एखादी भाजी, लोणचं, सोलकढी आणि रव्यात घोळून तळलेली मासळी. पाहुण्याचा डोळा आधी तळलेल्या तुकडीवर जातो. मी त्याला हुमणाकडे वळवते. बांगड्याचं असलं तर त्यात तेफळं असतात. ती चावायची नाहीत, रश्श्यात त्यांचा वास उतरू द्यायचा आणि ताटाच्या कडेला काढून ठेवायची. आंबटपणाला कधी सोलं, कधी बिंबलं, मे महिन्यात कधी कैरी. हुमण तेच, आंबट बदलतं, आणि त्यावरून महिना ओळखता येतो.

दोन वाजून गेले की एकेक जिन्नस पाठीमागून कमी व्हायला लागतो. आधी तिसऱ्या जातात, मग विसवण, मग वेटर लांबूनच हात हलवतो. सोमवारी याच खानावळीत निम्मी टेबलं शिवराकाची असतात, कारण गोव्यातली कितीतरी हिंदू घरं सोमवारी मासळी खात नाहीत. पाहुणा सोमवारचा आला असेल तर मी ताट बदलत नाही. मुगागाठी आणि खतखतं त्यालाही कळलं पाहिजे.

त्यानंतर पणजी झोपते. दुकानांची शटरं खाली येतात, रस्त्यावर उन्हाशिवाय कोणी राहत नाही. आमच्याकडच्या या झोपेला बाहेरची माणसं आळस म्हणतात, ते मला मुळीच पटत नाही. दमट उन्हात दोन तास दार लावून बसणाऱ्या गावानं संध्याकाळ राखून ठेवलेली असते. आम्हीही घरी येऊन आडवे होतो.

पाच-साडेपाचला महापालिकेच्या बागेत. ही बाग गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या नावाची. त्यानं इथल्या वनस्पतींवर आणि औषधांवर लिहिलेला ग्रंथ १५६३मध्ये गोव्यातच छापला गेला. फणस, आंबा, नारळ, हिंग, सगळं त्यात आहे, काजू नाही. ब्राझीलहून आलेलं ते झाड तेव्हा त्याच्या नजरेत भरण्याइतकं इथं रुजलेलं नव्हतं. बागेसमोर १९०९मध्ये सुरू झालेला क्लब वास्को द गामा आहे, त्याच्या सज्जात बसलं की खाली बाग दिसते. पाहुण्यांना मी ओर्ताची गोष्ट तिथं सांगते, कारण पुढचा सगळा वेळ ओर्ताला ठाऊक नसलेल्या फळाचा असतो.

अंधार पडला की ताव्हेर्न. सांतोमेमधला जोसेफ बार आता पुष्कळांना माहीत झाला आहे. खोली एवढीशी, चार टेबलं भरली की गिऱ्हाइकं पेला घेऊन बाहेर रस्त्यावर उभी. डिसेंबरात तिथं शिरायला जागा नसते, एप्रिलच्या मधल्या वारी मात्र निवांत बसता येतं. त्याहून माझं आवडतं ताव्हेर्न एका घराची पुढची खोली आहे. त्याचं नाव सांगत नाही, कारण पाटीच नाही. अर्धं दार, उंच कौलं, भिंतीशी फळी, फळीवर काचेचे पोटाळ गराफांव, कोपऱ्यात सायबिणीची म्हणजे मरियेची तसबीर आणि तिच्यापुढे लाल दिवा. गल्ल्यावर एक वयस्क बाई असतात, सगळे त्यांना आंटी म्हणतात. त्या वर न बघता विचारतात, "कितें दिवूं?"

मार्च ते मे असला तर उत्तर एकच, हुर्राक. काजूचे बोंडू झाडावरून तोडत नाहीत, पिकून आपसूक गळलेले तेवढेच वेचतात. बी पिळून बाजूला काढतात, बोंडू कोळंबी नावाच्या कुंडात तुडवतात, रस दोन-तीन दिवस आपणहून आंबतो, मग भट्टीवर चढतो. पहिल्या वेळी उतरतो तो हुर्राक. त्यात पुन्हा रस मिसळून दुसऱ्यांदा गाळली की फेणी. काजूच्या फेणीला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बाटल्यांवर झकपक लेबलं आली, विमानतळावर ती विकायला लागली. हुर्राकाला यातलं काही लागू होत नाही, कारण तो टिकत नाही. काही महिन्यांत त्याचा वास उडतो. मोसमात प्यायचा आणि मोसमाबरोबर सोडायचा.

तो देण्याची रीत इथं सगळ्यांची सारखी. पेल्यात बर्फ, हुर्राक, वरून लिम्का, लिंबाची फोड, मिठाची चिमूट, आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. मिरची पेल्यात आडवी तरंगते आणि तिचा तिखटपणा हळूहळू उतरतो, म्हणून पहिला घोट गोड लागतो आणि शेवटचा झणझणीत. बोंडवाचा वास आधी नाकाला नको वाटतो. पिकून फुटलेल्या फळाचा, थोडा उग्र. दुसऱ्या पेल्यापर्यंत तोच हवासा होतो. हलका आहे म्हणून पुढे जाऊ नये, हे मी प्रत्येकाला बजावते. चार घरं सोडून कोपऱ्यावर रोस आमलेटचा गाडा लागतो, तिथं शाकुतीचा रस ओतलेलं आमलेट आणि पाव पोटात घालूनच घरी न्यायचं.

फेणी मागितली तर आंटी बाटली हलवतात आणि दिव्यापुढे धरतात. वर बारीक बुडबुड्यांची माळ जमते. मोती किती वेळ टिकतात त्यावर त्या जोर ओळखतात. लगेच फुटले तर फेणी पातळ, रेंगाळले तर चोख. मग पेला भरून फळीवर ठेवतात, चण्यांची बशी सरकवतात. रात्री आतल्या खोलीत तेर्साची प्रार्थना सुरू झाली की त्या उठून जातात. गल्ल्यावर कोणी नसतं. आतून प्रार्थनेचा सूर येत राहतो आणि बाहेर बसलेली माणसं, हिंदू असोत की ख्रिस्ती, दुसरा पेला मागत नाहीत, आवाजही खाली आणतात. माझ्या एका नाशिकच्या मैत्रिणीनं हे पाहिलं आणि पुढे कितीतरी वेळ ती काही बोललीच नाही. तिच्या गावात बाईनं दारूच्या दुकानात बसणं अशक्य होतं. इथं दुकानच बाईचं होतं, आणि ते तिच्या घरात होतं.

आंटींची दोन्ही मुलं पोर्तुगीज पासपोर्टावर इंग्लंडला गेली आहेत. त्यांच्यामागे परवाना कोण चालवणार, असं विचारलं की त्या हसतात आणि फळी पुसायला लागतात. पणजीतली अशी कितीतरी ताव्हेर्नं गेल्या काही वर्षांत मिटली. काहींच्या जागी 'गोवन ताव्हेर्ना' अशी पाटी लावून झुलत्या दिव्यांचे बार आले, तिथं हुर्राकाचं कॉकटेल चौपट भावानं मिळतं. मांडवीत कॅसिनोच्या बोटी रात्रभर जळत असतात, त्यांना ना भाजी संपल्याचं कळतं ना मोसम. संध्याकाळी नदीकाठानं पाहुण्यांना घेऊन जाताना मला त्या दिव्यांकडे बघवत नाही. सकाळची भाजी संपते ती उद्या पुन्हा चुलीवर चढण्यासाठी. आंटींचं अर्धं दार मिटेल ते परत उघडणार नाही, आणि ते मला फार लागतं. म्हणूनच मी जमेल त्या प्रत्येकाला तिथं घेऊन जाते, पैसे रोख द्यायला लावते, आणि फोटो काढण्याआधी आंटींना विचारायला लावते.

पावसात कोणी यायचं म्हटलं तर मी नको म्हणत नाही. एक जूनपासून जुलैअखेर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. खानावळीत ताजी मासळी कमी आणि महाग, हुर्राक गेलेला. पण त्याआधी मडगावला पुरुमेंताची फेस्त होते, घराघरांत सुकी सुंगटं, खारे बांगडे, कोकमं, मिरच्या भरून ठेवतात, आणि मग दोन महिने खरी किस्मूर खायची ती याच दिवसांत. चोवीस जूनला सांजांव. डोक्यावर फुलापानांचं कोपेल घालून पोरं विहिरीत उड्या मारतात आणि कडेला फेणीचा पेला फिरतो. जपून ठेवलेल्या हुर्राकाची एखादी शेवटची बाटली निघते ती त्या दिवशी.

नागपूरची एक मैत्रीण यंदा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात येते आहे. तोवर बोटींवरची बंदी उठलेली असेल. दर्या शांत झाला तर बाजारात सुंगटं येतील आणि हुमण होईल. नाही आली तर अळंबी. रानातल्या रोयणींवर, म्हणजे वाळवीच्या वारुळांवर उगवलेली अळंबी घेऊन बायका सकाळी हमरस्त्याच्या कडेला बसतात, पानांत बांधून विकतात. तिथं भाव पाडून मागत नाहीत. बाई सांगेल ते द्यायचं, घरी आणून हलक्या हातानं माती धुवायची, आणि शाकुतीचं वाटण घालायचं.