भूकंप उशिरा येतो

धाराशिव जिल्ह्यातल्या उमरगा तालुक्यात जकेकूरवाडी नावाचं गाव आहे. २०२२ मध्ये या गावानं ठरवलं, की रोज संध्याकाळी सहाला भोंगा वाजेल आणि आठपर्यंत घराघरातले टीव्ही अन् मोबाईल बंद राहतील. त्या वेळात मुलांनी अभ्यास करायचा. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानंही असाच भोंगा सुरू केला होता. तिथली वेळ सात ते साडेआठ. दोन्ही गावांच्या बातम्या तेव्हा खूप फिरल्या आणि आपण त्या अर्थातच मोबाईलवर वाचल्या.

माझं गाव शेजारच्या लोहारा तालुक्यातलं. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, वय २८. मे २०२५ पासून मी सोशल मीडियावर नाही. त्या वेळात स्वतःच्या छोट्याशा साइटवर लिहितो. झोप सुधारली का, एकाग्रता वाढली का, हे सांगायला हा लेख नाही. मला हे का करावंसं वाटलं, ते सांगायचंय. त्याचं कारण माझी आजी आहे, आणि तिची गोष्ट सांगायची पद्धत.

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून दमलेली माणसं झोपलेली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात त्या काही सेकंदांत हजारो माणसं गेली. आमच्याकडच्या कुणालाही ही तारीख सांगावी लागत नाही. मी त्यानंतर चार वर्षांनी जन्मलो आणि पुनर्वसन झालेल्या गावात वाढलो. सरळ रस्ते, आखलेले प्लॉट, एका घराची हाक दुसऱ्या घरात जाणार नाही एवढं अंतर. जुन्या गावठाणात आता बाभळी आहेत आणि दगड.

दरवर्षी ३० सप्टेंबरला आमच्याकडचे सगळे स्टेटस काळे होतात. एक मेणबत्ती, तारीख, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. मीही ठेवायचो. त्यात खोटं काही नाही. ज्यांच्या घरातली माणसं गेली तेही तेच ठेवतात. चोवीस तासांनी ते आपोआप जातं आणि पुढच्या वर्षी परत येतं. पण ते गाव कधीच न पाहिलेल्या माझ्यासारख्याला त्यातून तेवढी तारीखच कळते.

त्या मे महिन्यात मी तीन आठवडे गावाकडून काम करत होतो. आजी ८१ वर्षांची. म्हटलं, हिच्याकडून भूकंपाची आठवण रेकॉर्ड करून एक रील करू. रीलचा नियम तुम्हाला माहितीच आहे : पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला पाहिजे. फोन समोर धरला आणि विचारलं, “आजी, भूकंप झाला तेव्हा काय झालं, सांग.”

तिनं बळदापासून सुरुवात केली. बळद म्हणजे घरातच भिंतीला लागून धान्यासाठी बांधलेली कोठी. त्यात किती पोती ज्वारी बसायची, कुणी बांधलं, उंदीर लागू नये म्हणून काय करायचे. मग माळवद. लाकडी सरे, त्यावर फळ्या, त्यावर माती. दर उन्हाळ्यात पावसाच्या आधी पांढऱ्या मातीचा नवा थर चढायचा. आजोबांच्या आधीपासून चढत आलेला. मग शेजारी कोण, त्यांच्या दारात काय, कोणत्या बोळातून आडावर जायचं. दीड मिनिट कधीच संपलं होतं. पाऊण तास झाला तरी भूकंप आला नव्हता.

मग ती म्हणाली, “धाकटी बळदाच्या भिंतीकडं झोपायची. तिथं गार लागायचं.” थोडा वेळ गप्प बसली. “मग पहाटं ते झालं.” बस, एवढंच. त्यापुढे ती काही बोलली नाही.

धाकटी म्हणजे माझी आत्या. तेव्हा नऊ वर्षांची. घरात तिचा एकही फोटो नाही. मी आजीचं बोलणं परत ऐकलं तेव्हा लक्षात आलं, की बळद ही प्रस्तावना नव्हतीच. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर्षानुवर्षं जड होत गेलेली माळवदं, त्यांच्याखालीच आमच्या भागातली एवढी माणसं गेली, हे भूकंपावरच्या अहवालांमध्येही आहे. आजी तेच सांगत होती. फक्त ती तिथे राहिलेली होती, म्हणून तिच्या सांगण्यात त्या भिंतीला ज्वारीचा वास होता आणि उन्हाळ्यातला गारवा होता.

यातून रील करायची तर शेवटचं दीड मिनिट आधी घ्यावं लागलं असतं. फीडवर भूकंप आधी येतो. गाव येतच नाही.

माझं कामच स्क्रीनशी संबंधित आहे, त्यामुळे हे असं का होतं ते मला बऱ्यापैकी माहीत आहे. अंगठा कुठं थांबला, किती वेळ थांबला, कुठून पुढं गेला, हे सगळं मोजता येतं. आणि जे मोजलं जातं त्याप्रमाणे पुढचं समोर येतं. २००६ मध्ये अझा रास्किन या डिझायनरनं न संपणाऱ्या स्क्रोलची कल्पना मांडली. पुढे त्यानंच तिच्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. त्याआधी पान संपायचं. पोथीतसुद्धा अध्याय संपतो, माणूस मान वर करतो. न संपणाऱ्या जागेत लिहिणारा हळूहळू अशी वाक्यं लिहायला लागतो, की वाचणाऱ्याचा अंगठा थांबावा. पाऊण तास बळदाबद्दल बोलणाऱ्या बाईला तिथे जागा नसते.

म्हणून अ‍ॅप काढली. व्हॉट्सअ‍ॅप ठेवलं, कारण घर आणि ऑफिस दोन्ही तिथंच आहेत. एक डोमेन घेतलं आणि साधी साइट बनवली : मजकूर, तारीख, बाकी काही नाही. किती जणांनी वाचलं हे मोजणारा काउंटरही लावला नाही.

पहिले दोन आठवडे एक ओळ लिहून झाली नाही. वेळ मोकळा झाला की आपोआप लिहिणं होईल असं काही नसतं. हात खिशाकडे जायचा, फोन उघडायचा, त्यात काही नसायचं, मग मी हवामान बघायचो. दिवसातून सहा-सात वेळा हवामान! तेव्हा जकेकूरवाडीची आठवण झाली. तिथं भोंगा नुसता ‘बंद करा’ असं सांगत नाही. सहा वाजता मुलं कुठेतरी बसतात, समोर वही असते, आणि शेजारच्या घरातही तेच चाललेलं असतं. मी रूममेटला सांगून रात्री नऊ ते साडेदहा ही वेळ ठरवली. दोघांचे फोन स्वयंपाकघरात. तो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, मी लिहितो. रोज एकच घर : जुन्या गावातलं एक घर, आजीनं सांगितलं तसं.

यात तोटा नाही असं म्हणणार नाही. दोन मित्रांची लग्नं मला नंतर कळली. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परांड्याकडे पूर आला, गुरं वाहून गेली, शेतातली माती खरवडून गेली, तेव्हा कुठं काय लागतंय ते सगळ्यात आधी सोशल मीडियावरच कळत होतं. ते चार दिवस मी पुन्हा लॉगिन केलं, माहिती पुढे पाठवली, पैसे पाठवले, मग बाहेर पडलो. तातडीच्या निरोपाला ती जागा चांगलीच आहे. आजीच्या बळदाला कसलीही तातडी नाही.

आणखी एक गोष्ट. ऑर्कुट बंद झालं ते ३० सप्टेंबर २०१४ ला. तारखेचा योगायोग सोडून द्या, पण किती जणांचं लिहिलेलं तिथं होतं आठवा. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली तेव्हा खेड्यापाड्यातल्या किती मुलामुलींचे व्हिडिओ एका दिवसात दिसेनासे झाले. माझ्या साइटचा मजकूर साध्या टेक्स्ट फाइलींमध्ये आहे. होस्टिंग बदललं तरी फाइली माझ्याकडे राहतात. एक प्रत पेन ड्राइव्हवर गावातल्या कपाटातही आहे. एकदा गाव गमावलेल्या घरात जास्तीची प्रत ठेवायला कुणी नाही म्हणत नाही.

वाचक मोजके आहेत. एकदा सुरतला राहणाऱ्या, आमच्याच गावच्या एका काकांचा ईमेल आला. त्यांनी माझ्या वर्णनातला बोळ डावीकडे नव्हे, उजवीकडे वळायचा असं कळवलं आणि त्या बोळातल्या तीन घरांची माहिती दिली. त्यातलं एक घर आजीलाही आठवत नव्हतं. मी त्यांचा ईमेल तिला वाचून दाखवला.

“काय लिहायलास रं एवढं?”

“तूच सांगितलेलं, आजी.”

“मग नीट लिही. पाटलाच्या वाड्याआधी कुंभाराचं घर होतं. ते राहिलं बघ.”

आतापर्यंत ४३ घरं लिहून झालीत. आडापलीकडची ओळ अजून बाकी आहे. आजीला सकाळी जास्त आठवतं, म्हणून हल्ली मी रविवारी सातलाच फोन करतो.